लवू डॉक्टरविरुद्धचा अर्ज

११ जून २०२४

वरची डावी दाढ शेवटी काढून घेतली. ओढावी लागलीच नाही. चिमट्यात धरली आणि बाहेर आली, जशी काही वाटच बघत होती. लवू डॉक्टर त्या दाढेकडे नको तितका वेळ बघत राहिला. मी म्हटलं, "काय, ओळखीची निघाली का?" हसला नाही.

पाटीवर त्याचं नाव डॉ. विल्यम लिऊ. आजोबा चीनहून आले, बाप भायखळ्याला जन्मला, हाही तिथलाच. पण लालबागच्या तोंडात 'लिऊ' बसलं नाही, 'लवू' बसलं. आधी बापाने आणि गेली चाळीस वर्षं याने आमच्या सगळ्या गल्लीचे दात सांभाळले. मालवणी माझ्यापेक्षा सफाईने बोलतो. ते मला कधीच आवडलेलं नाही.

डाव्या नाकपुडीचं त्याला सांगितलं नाही. चार महिने बंद आहे. त्याचा दाताशी संबंध नाही.

१९ जून

दाढेची जागा भरत नाही. शांता म्हणते तोंडाला घाण वास येतो. मला येत नाही. मला हल्ली कशाचाच वास येत नाही. परवा मिरची गल्लीतून कांडप चालू असताना गेलो, एक शिंक नाही.

पुन्हा लवूकडे. त्याने दिवा लावून टाळू बघितली, बोटाने दाबली. मग सुरू झाला, "नाकातून रक्त येतं? ताप येतो? वजन उतरलं?" मी म्हटलं, दाताचं बोला. त्याने हातमोजे काढले, टेबलाशी बसला आणि कार्बन घालून चिठ्ठी लिहिली. परळच्या हॉस्पिटलात जा म्हणे, तुकडा काढून तपासायला सांगा.

"तोरसकर, उद्या म्हणजे उद्या जायचं."

मला हुकूम. पस्तीस वर्षं वॉर्ड ऑफिसात काढली, शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. 'उद्या या' हे मी लोकांना सांगायचो.

स्वतः काढलेली दाढ चिघळली की दुसऱ्याकडे पाठवायचं, म्हणजे खापर तिकडे फुटतं. ही पद्धत मला शिकवू नये. चिठ्ठी खिशात कोंबली आणि घरी आलो.

३ जुलै

आमच्या नेहमीच्या डॉक्टरने गोळ्या बदलून दिल्या. सायनस आहे म्हणाला. बघा.

१७ जुलै

दादरच्या वैद्यांकडे गेलो. नाकात घालायला तेल दिलं. डोळ्याखाली डावीकडे सूज आहे. शांता सारखी तोंडाकडे बघते. तिला सांगितलं, बघू नकोस.

२८ जुलै

सकाळी पाणी प्यायलो आणि ते नाकातून बाहेर आलं.

पुन्हा प्यायलो. पुन्हा आलं. आरशात बघितलं, टाळूला भोक आहे. करंगळीचं टोक जाईल एवढं.

शांताने माटुंग्याला दर्शनाला फोन केला. मुलगी तासाभरात आली आणि मला काही न विचारता म्हणाली, "बाबा, चपला घाला."

३० जुलै

परळचं हॉस्पिटल. बाहेर फुटपाथवर बिहार-बंगालची माणसं चुली मांडून बसलेली. शांताने माझ्या कागदांची पिशवी काउंटरवर दिली, त्यांनी सगळे कागद मशीनमध्ये घालून घेतले. आम्हाला एक नंबर मिळाला. आयुष्यभर मी लोकांना नंबर दिले.

९ ऑगस्ट

तुकड्याचा रिपोर्ट आला: 'मृत पेशी, निष्कर्ष काढता येत नाही.' मी दर्शनाला म्हटलं, बघ, काही नाही. पण ते थांबायला तयार नाहीत. पुन्हा तुकडा घेणार, जास्त खोलातून. कोणाच्या सांगण्यावरून, ते सांगत नाहीत.

२१ ऑगस्ट

डॉ. कॅरल परेरा. चाळिशीची बाई, गिरगावची, मराठी स्वच्छ. खुर्ची माझ्यासमोर ओढून बसली. जे डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसतात त्यांच्याकडे चांगली बातमी नसते.

लिम्फोमा. त्यातही दुर्मीळ जातीचा, नाकात सुरू होऊन हाड आणि टाळू खात जाणारा. आपल्याकडे फार थोड्यांना होतो, म्हणाली. चीन, कोरिया, जपान, तिकडे जास्त. त्यामुळे कुठलं औषध किती चालतं हा अनुभवही तिकडचाच. माझ्यासारख्यांत, जिथे तो अजून इतरत्र पसरलेला नाही, तिथे दहातले सहा-सात जण पाच वर्षांनंतरही असतात.

"हे सहा-सात कोण?" मी विचारलं.

"बहुतेक चिनी पेशंट. आपल्याकडे एवढी संख्याच नाही."

"म्हणजे चिन्यांच्या आकड्यांवर मी जगायचं?"

"सध्या आपल्याकडे तेच चांगले आकडे आहेत, तोरसकर."

मग मी विचारलं, चिनी माणसाचा हात तोंडात गेला तर हा होतो का. ती सावकाश म्हणाली, एका विषाणूचा यात भाग असतो, पण तो तुमच्या, माझ्या, जवळजवळ सगळ्यांच्या अंगात लहानपणापासून झोपलेला असतो. कोणी कोणाला हा आजार देत नाही.

असं ती म्हणणारच. डॉक्टर डॉक्टरला सांभाळतो.

२३ ऑगस्ट

दाढ काढेपर्यंत मी हिंडता-फिरता होतो. दाढ काढली आणि दीड महिन्यात टाळूला भोक. आजार चीनचा. दाढ काढणारा चिनी. याला योगायोग म्हणणाऱ्याने माझ्या जागी येऊन पाणी पिऊन दाखवावं.

२९ ऑगस्ट

पहिली केमो घेऊन घरी आलो. तीन दिवस ओकलो. आज उठून बसता आलं, तेव्हा पहिलं काम केलं: दंतवैद्यकांच्या चौकशी समितीकडे तक्रार. चार पानं, अकरा मुद्दे. 'अक्षम्य हलगर्जीपणा', 'अस्वच्छ उपकरणे', 'रुग्णास अंधारात ठेवणे'. उपकरणं अस्वच्छ होती का ते मला माहीत नाही. पण हा मुद्दा नसेल तर अर्ज वजनदार होत नाही.

चारही पानं एका बैठकीत लिहिली. महिन्याभरात पहिल्यांदा एवढा वेळ बसलो.

२ सप्टेंबर

तक्रारीचा सारांश सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मी सेक्रेटरी आहे, लोकांना सावध करणं माझं काम. 'चिनी दातवाल्याकडे जाताना विचार करा.' संध्याकाळपर्यंत तो तीन मंडळांच्या ग्रुपवर फिरून माझ्याकडेच परत आला. तोवर त्यात 'चिनी दातवाल्याने कॅन्सर पसरवला' असं झालं होतं. ते मी लिहिलेलं नाही. दुरुस्त करायला बसलो होतो, मळमळायला लागलं.

११ सप्टेंबर

गणपतीची गर्दी. मला बाहेर बंदी, पांढऱ्या पेशी उतरल्यात. खालच्या मजल्यावरचा मयूर वर्गणीचं पुस्तक घेऊन दारापर्यंत आला. म्हणाला, "काका, लवूच्या शटरवर कोणीतरी काळं फासलंय. 'व्हायरस' लिहिलंय. सकाळपासून तो एकटाच घासतोय."

मी म्हटलं, मी कोणाला सांगितलेलं नाही.

"सांगितलं असं कोण बोलतंय?" तो म्हणाला आणि दाराबाहेर उभा राहिला. त्याला काहीतरी हवं होतं. मी सेक्रेटरी आहे, एक शब्द टाकला असता तर पोरं जाऊन पुसून आली असती. मी पावती मागितली आणि दार लावलं.

शांता स्वयंपाकघरात ऐकत होती. तिच्या दाताची कवळी लवूनेच केलेली आहे.

७ ऑक्टोबर

आजपासून किरणं. चेहऱ्यावर गरम जाळी दाबून मुखवटा केला, तो टेबलाला खिळवतात. ओठसुद्धा हलत नाही. सहा आठवडे रोज. मुखवट्याच्या आत डोळे मिटून मी तक्रारीचे अकरा मुद्दे म्हणत होतो. सातव्या मुद्द्याला मशीन थांबलं.

२६ ऑक्टोबर

तोंडाची साल निघाली. पेज गिळताना डोळ्यांतून पाणी. शांता चमच्याने भरवते. तिचा चमचा हलला की मी ओरडतो. ओरडायलाही येत नाही, नुसता घोगरा आवाज निघतो. आज ती म्हणाली, "आरडू नका, दुखतला." मी वाटी ढकलली. पेज तिच्या लुगड्यावर सांडली. तिने पुसलं आणि दुसरी वाटी आणली.

हे लिहायचं कारण काय, मला ठाऊक नाही.

१८ नोव्हेंबर

किरणं संपली. घरी आलो तर समितीचं पाकीट. लवूचं उत्तर. दीड पान. यात भाषा नाही, मुद्दे नाहीत. एवढंच, की १९ जूनला आपण रुग्णाला तातडीने बायोप्सीसाठी चिठ्ठी दिली, कार्बन प्रत सोबत. 'रुग्ण बरा व्हावा ही इच्छा' असं शेवटी. तक्रारीच्या उत्तरात हे कोण लिहितं? सहानुभूती मिळवायची युक्ती.

२० नोव्हेंबर

प्रत्युत्तर पाठवलं. 'अशी कोणतीही चिठ्ठी मला मिळालेली नाही. सादर केलेली प्रत नंतर तयार केल्याचा संशय येतो.' दोन वाक्यं.

चिठ्ठी शोधली आधी. त्या शर्टाच्या खिशात नाही. धुण्यात गेली असणार.

लिहिलं ते खोटं आहे. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. पण खरं-खोटं करत बसलो तर सहा आठवडे मी कुठे होतो हा प्रश्न येतो.

१२ डिसेंबर

आज डॉ. परेराकडे. पुढच्या केमोचं बोलणं झालं आणि ती सहज म्हणाली, "तुमच्या डेंटिस्टचे आभार माना हं. पहिला तुकडा फुकट गेला होता. त्यांच्या चिठ्ठीत लिहिलेलं, की वरवरचा तुकडा मृत निघेल, खोलातून घ्या, आणि या आजाराचं नावसुद्धा प्रश्नचिन्ह टाकून. म्हणून आम्ही सोडलं नाही. मी त्यांना फोन केला होता. म्हणाले, त्यांच्या काकांचा चेहरा असाच गेला, ऐंशीच्या दशकात. तेव्हा औषध नव्हतं."

मी म्हटलं, "कुठली चिठ्ठी?"

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. लवूचं अक्षर. १९ जून.

"जूनमध्येच आला असतात तर टाळू वाचली असती," ती म्हणाली. "का थांबलात?"

शांता माझ्या शेजारी बसली होती. ती माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत होती. तिने शर्ट धुताना खिसा तपासला असणार. चाळीस वर्षांची सवय. आणि चिठ्ठी कागदांच्या पिशवीत घातली, मला न सांगता.

टॅक्सी हिंदमाताच्या सिग्नलला थांबली. मग मी म्हटलं, "माका सांगूचा नाय होता काय?"

"तुमी इचारल्यात काय?" ती म्हणाली.

१४ डिसेंबर

फाइल हॉस्पिटलची आहे. समितीने मागवली तरच बाहेर येईल, आणि समित्या मागवत नाहीत, मला पद्धत माहीत आहे. प्रत्युत्तर मागे घ्यायचं म्हणजे मी खोटं बोललो हे लिहून द्यायचं. शिवाय दाढ त्यानेच काढली, हे तर खरं ना?

मयूर म्हणतो लवूकडे आता कोणी फिरकत नाही. गाळ्याच्या मालकाने जागा खाली करायला सांगितली आहे. मयूर हे सांगताना माझ्याकडे बघत नाही.

३० जानेवारी २०२५

पेट स्कॅन स्वच्छ. डॉ. परेराने दोनदा सांगितलं तेव्हा कळलं. दर्शना तिथेच रडायला लागली. डॉक्टर म्हणाली आपल्याकडच्या अशा पेशंटांची ती नोंद ठेवते, मी एकोणिसावा; माझी माहिती घालू का? सही केली. पुढच्या माणसाला चिन्यांचे आकडे सांगायला नकोत.

घरी येऊन आनंद व्हायला पाहिजे होता. सुनावणीचं पत्र आलेलं होतं.

१३ फेब्रुवारी

हे आजच लिहायला हवं.

सुनावणी अकराला. मी अजून एकटा चालत नाही, शांता बरोबर. आत तीन जण टेबलामागे. लवू एका बाजूला, वकील नाही, हातात एक पातळ फाइल. आठ महिन्यांनी बघितला. शर्ट अंगावर सैल झालाय. मला बघून उभा राहिला, माझ्या गालाकडे आणि सूज होती त्या जागेकडे नीट बघितलं, डॉक्टर बघतो तसं, आणि मान हलवून बसला.

मधल्या बाईंनी विचारलं, "तोरसकर, १९ जूनला यांनी तुम्हाला चिठ्ठी दिली होती का?"

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"लेखी दिलंय मी."

बाई लिहायला लागल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून शांताचा आवाज आला. ती उभी राहिली होती. ही घराबाहेर चार माणसांत कधी बोलत नाही, सोसायटीच्या सभेत हातही वर करत नाही.

"मिळालली. खोटा बोलतत ते. मीच ती हॉस्पिटलात दिलंय. तेंच्या फाइलीत आसा, मागवा."

बाईंनी विचारलं, आपण कोण?

"मी ह्येंची बायको."

लवूने मान खाली घातली. त्याला आनंद झाला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी काय म्हटलं ते आठवत नाही. दर्शना म्हणते, शांताने नंतर तिला सांगितलं, मी "हिचं डोकं ठिकाणावर नाही" असं म्हटलं. म्हटलं असेन.

बाहेर जिन्यात मी तिला म्हटलं, एकेचाळीस वर्षं संसार केलास आणि शेवटी परक्याच्या बाजूने उभी राहिलीस. आजारातून उठलेल्या नवऱ्याची भर समितीत इज्जत काढलीस.

तिने मला धरून एकेक पायरी खाली उतरवलं. हात सोडला नाही.

२७ फेब्रुवारी

तक्रार फेटाळली. माझ्यावर कारवाई नाही, 'रुग्णाची प्रकृती लक्षात घेता' फक्त समज. शांता लागेल तेवढंच बोलते. औषध. जेवण. पाणी. दर्शना म्हणते, "बाबा, आईला तुमची लाज वाटते." मी विचारलं, लाज तिला वाटायचं कारण काय, खोटं मी बोललो ना?

बोलून गेलो.

निकाल सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. कोणी काही लिहिलं नाही. तो कुठेच फिरला नाही.

१६ मार्च

लवू कॅनडाला बहिणीकडे चाललाय, कायमचा. गाळा आज खाली करणार असं मयूरकडून कळलं. एक दिलगिरीचं पत्र तयार केलं. तीनदा लिहिलं. पहिल्या दोन्ही वेळा ते अर्जासारखं झालं. तिसऱ्यांदाही झालंच, पण लहान झालं.

गेलो. दोन हमाल दातांची खुर्ची सोडवत होते. लवू अवजारं कागदात गुंडाळून खोक्यात घालत होता. शटरवर घासल्याचा पांढुरका डाग, त्यामागून अक्षरं अजून वाचता येतात.

त्याने पत्र उभ्यानेच पूर्ण वाचलं.

"भाषा चांगली आहे तुमची," म्हणाला. "तक्रारीतही चांगली होती." आणि घडी घालून मला परत दिलं.

मी म्हटलं, "माफ केलंत ना?"

"टाळूला प्लेट बसवली?"

"हो."

"पाणी वर येत नाही?"

"नाही."

"छान झालं." त्याने एक आरसा गुंडाळला. "तुम्ही वाचलात, मला बरं वाटलं. मनापासून सांगतोय. माझा काका नाही वाचला. पण माफ नाही केलं, तोरसकर."

मी म्हटलं, मी आजारी होतो, डोकं ठिकाणावर नव्हतं.

"बासष्टच्या युद्धात माझ्या बापाला पोलिसांत हजेरी द्यायला लागायची. चिनी म्हणून. जन्म भायखळ्याचा, तरी. तेव्हा या गल्लीतल्या बायका आईला घरी येऊन सांगायच्या, घाबरू नको, आम्ही आहोत. बाप मरेपर्यंत म्हणायचा, लालबाग आपलं आहे. मी ते ऐकून इथे दुकान थाटलं, इथे म्हातारा झालो. तुमच्या दोन वाक्यांनी ते गेलं. तुम्ही बरे झालात. ते बरं होणारं नाही."

त्याचा आवाज चढलाच नाही. चढला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

हमालांनी खुर्ची उचलली. अवजारांचं खोकं दारात आडवं येत होतं, म्हणून मी वाकलो.

"हात लावू नका," लवू म्हणाला.

मी बाजूला झालो. खुर्ची गेली. मग तो स्वतः ते खोकं उचलून माझ्या अंगाला न लागता बाहेर पडला.

घरी आलो. शांता भाकरीचं पीठ मळत होती. महिन्याभरात पहिल्यांदा तिने आपणहून विचारलं, "काय सांगल्यान?"

सांगितलं. माफ केलं नाही. हात लावू नका म्हणाला. वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ दे, तुम्ही गेलात हेच पुष्कळ.

"बरोबर सांगल्यान," ती म्हणाली, आणि तवा ठेवला.

तिच्याविरुद्ध लिहायला वही उघडली होती. एवढंच लिहून झालं.